सर, तुमचे पैसे माझ्या भट्टीत आले नाहीत

म्हसकर सर,

तुमच्या शोकसभेला तुम्ही असायला हवं होतं. मागच्या बाकावर बसून मिशीत हसला असतात. 'ऋषितुल्य', 'चालतंबोलतं विद्यापीठ', 'कधीही न भरून येणारी पोकळी'. हयातीत तुम्हाला 'चौकशीमास्तर' म्हणणारीच माणसं हे बोलत होती. मलाही बोलायला उभं केलं. दोन वाक्यं कशीबशी बोललो आणि बसलो. लोकांना वाटलं, वसंतशेठला गहिवरून आलं. गहिवर कसला? मला तुमचा राग आला होता. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. त्या भांडणातला शेवटचा शब्द माझा होता आणि तो चांगला नव्हता.

आता तेरावाही होऊन गेला. सभेत बोललो नाही ते इथे लिहितो. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका. गणितात तुम्ही मला कधी नापास केलं नाहीत, तेवढ्यावर भागवून घ्या.

नववीत तुम्ही आम्हाला सरळव्याज शिकवलंत. मुद्दल, दर, मुदत फळ्यावर लिहून झाल्यावर खडू खाली ठेवलात आणि विचारलंत, "व्याज येतं कुठून?" पहिल्या बाकावरच्याने घडाघडा सूत्र म्हणून दाखवलं. "सूत्र नको. ठिकाण सांग." कुणी म्हणालं पोष्टातून, कुणी म्हणालं बँकेतून. "पोष्टात काय नोटांना पिल्लं होतात?" तुम्ही म्हणालात. कुणीतरी कुठेतरी काम करतं, त्याच्या कामातला एक तुकडा तुमच्याकडे येतो, त्याला आपण व्याज म्हणतो. तो माणूस कोण, हे ज्याला ठाऊक नाही त्याचं गणित अर्धंच सुटलं. त्या दिवशी मला वाटलं होतं, मास्तरांना आज शिकवायचा कंटाळा आलेला दिसतो.

आमच्या वर्गाची बचतपेढी होती. दर सोमवारी बिस्किटांच्या डब्यात पाच-दहा पैसे टाकायचे आणि दिवाळीनंतर सगळ्यांनी मिळून ठरवायचं, हे पैसे ठेवायचे कुठे. शाळा सोडताना ते व्याजासकट परत मिळायचे. दुसरे मास्तर डबा गुपचूप पोष्टात रिकामा करून मोकळे होत. तुम्ही मात्र आम्हाला आधी ती जागा बघायला न्यायचात, रविवारी, चालत नाहीतर एसटीने. आणि तुमचा एक नियम होता. मालकाचा चहा घ्यायचा नाही. जिथे काम चालतं तिथे, काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून, घरून आणलेली भाकरी खायची. तो बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर त्याच्या फडक्यात काय बांधलंय ते बघायचं.

दहिवलीच्या भातगिरणीत मालकाने आमच्यासाठी खास शेव आणि चहा मागवला होता. तो तसाच ठेवून आम्ही चाळीस पोरं कोंड्याच्या ढिगाशेजारी हमालांबरोबर चटणी-भाकरी खात बसलो. शेवेकडे बघून माझा जीव नुसता वरखाली होत होता. तिथल्या एका हमालाने सांगितलं की गिरणीचा पट्टा उघडा आहे आणि त्याच्या भावाचं बोट त्यात गेलं. तुम्ही मालकाला सांगितलंत, पट्ट्याला जाळी बसवा, मग पोरं पैसे ठेवतील. तो पोट धरून हसला. पण चाळीस पोरांनी चाळीस घरांत बोटाची गोष्ट सांगितली आणि त्या घरांचं भात त्याच्याच गिरणीत जायचं. होळीच्या आत जाळी बसली.

रसायनीला कारखाने नवे होते तेव्हा. एकाचा शेअर घ्यावा असं वर्गात फार ठरत होतं. शेअर म्हणजे मालकी, आपण पोरं कारखान्याचे मालक, कल्पनेनेच आमच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. तुम्ही आम्हाला तिकडे नेलंत. फाटकावरच्या साहेबाने पेढे दिले, ते तुम्ही परत केलेत (हे मी अजून माफ केलेलं नाही) आणि आम्हाला कुंपणाबाहेरून वळसा घालून पाताळगंगेच्या काठावर नेऊन उभं केलंत. तिथे कारखान्याचा नाला नदीत उतरत होता. "शेअर घेतलात तर कारखान्याचे मालक. मग ह्या नाल्याचेही तुम्हीच मालक. चालेल?" नाकाला रुमाल लावून आम्ही सगळे नाही म्हणालो. तुम्ही म्हणालात, इतक्या पटकन नाही म्हणू नका, मालक झालात तर नाला बंद करा असं सांगायचा हक्कही मिळतो. मग परतीच्या एसटीत अर्धा वर्ग एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या बाजूला. कंडक्टर वैतागून म्हणाला, "मास्तर, पोरांना आवरा, नायतर सगळ्यांना वाटेत चौकला उतरवीन." त्या वादात कोण जिंकलं ते मला आठवत नाही. तुम्हीच जिंकू दिलं नसेल कुणाला.

आणि मग मी शहाणपणा केला. घरी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बचतपेढीचं सांगितलं. नदीकाठी आमची वीटभट्टी होती, आणि गावातले बरेच लोक आपली शिल्लक अण्णांकडे व्याजाने ठेवत. अण्णा खूश झाले. "सांग तुज्या मास्तरला, पोष्टाच्या दीडपट देतो. पोरांचं पैसं हायत, बुडवनार नाय." मी वर्गात छाती काढून हे सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "जाऊन बघू."

ती सकाळ मला अजून लख्ख दिसते. थापलेल्या विटांच्या लांबच लांब ओळी आणि त्या उलट्या करत जाणारी पोरं, आमच्याच वयाची, काही तर आमच्या निम्म्याची. त्यांत जानी होती. वाडीवरची कातकऱ्याची पोर, तिसरीपर्यंत माझ्या शेजारी बसायची, पाढे माझ्यापेक्षा पाठ. मग एका वर्षी दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर गेली ती शाळेत परत आलीच नाही. शाळेत ती मला वश्या म्हणायची. त्या दिवशी वर बघून म्हणाली, "धाकलं शेट आलं." अख्ख्या वर्गासमोर. मला मातीत तोंड खुपसावंसं वाटलं.

आम्ही तिच्या घरच्यांशेजारी भाकरी खायला बसलो. अण्णाही येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि तुम्ही विचारलंत, "जानी, दिवसभर काम करतेस, तुला काय मिळतं गं?"

तिने अण्णांकडे पाहिलं. म्हणाली, "सगलं बराबर हाय, मास्तर."

"शाळेत का नाही येत?"

तिच्या आईने डोळ्यांना पदर लावला. बस्स, एवढंच घडलं. दुसऱ्या दिवशी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या आणि एक सोडून सगळ्या चिठ्ठ्यांवर 'नाही' निघालं. ती एक कुणाची हे सांगायला नको.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. भट्टीवर माणसांना आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. त्या आठवड्यात अण्णांनी जानीच्या घरची खर्ची अडवली. पोरीच्या आईने मास्तरसमोर रडून तमाशा केला, हे कारण. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही सायकलच्या मागे तांदूळ बांधून वाडीवर गेलात आणि जानीच्या बापाची हात जोडून माफी मागितलीत. मास्तरने कातकऱ्याची माफी मागितली, हे गावात महिनाभर पुरलं. सोमवारी तुम्ही आमच्यापुढे उभे राहिलात आणि म्हणालात, "प्रश्न बरोबर होता, जागा चुकली. जिच्या घरची खर्ची ज्याच्या हातात, त्याच्यासमोरच मी तिला विचारलं. चूक माझी आणि उपाशी राहिली ती. हे तुम्ही लक्षात ठेवा, मी तर ठेवणारच आहे." मास्तर माणसाने स्वतःला चूक म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नंतरही फारसं ऐकलं नाही.

मला मात्र त्या वेळी तुमचं कौतुक वगैरे काही वाटलं नाही. चाळीस पोरांत माझ्या बापाची शोभा केलीत, एवढंच डोक्यात होतं. मी हात वर करून विचारलं, "सर, आता आपले पैसे पोष्टात. पोष्ट ते कुठे लावतं, ते बघितलंत का?" तुमच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मी आणखीच चिडलो. "नाही बघितलं. विचारतो." तुम्ही खरोखर वर पत्र धाडलंत. चार महिन्यांनी छापील उत्तर आलं, त्यात व्याजाचे दर होते. ते तुम्ही वर्गाच्या भिंतीवर डकवलंत आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलंत, 'वसंताच्या प्रश्नाचं उत्तर अद्याप आलेलं नाही.' हा कागद मी दहावीत गेल्यावर गुपचूप काढून घेतला. माझ्याकडे आहे.

तुम्ही आमच्यात काय पेरलंत ते शोकसभेत कुणी सांगितलं नाही. आपल्या वर्गातला गजानन आज बँकेत आहे. कर्ज मागणाऱ्या कारखान्यात तो पुढच्या दाराने जातो आणि मागच्या दाराने बाहेर पडतो, साहेब लोक त्याच्यावर चिडतात. कुंभिवलीची सुमन हायवेवर दुकान चालवते आणि बायकांची भिशी सांभाळते. भिशीतले पैसे ज्याला द्यायचे त्याच्या घरी ती आधी जेवून येते. आणि तुमचा सगळ्यात उर्मट विद्यार्थी वीटभट्टीचा मालक झाला.

अण्णा गेल्यावर भट्टी माझ्याकडे आली, त्याच सुमारास तुम्ही निवृत्त होऊन दहिवलीला राहायला गेलात. पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही भट्टीवर आलात, टोपी हातात घेऊन म्हणालात, "फंडाचे पैसे आलेत. थोडे कुठेतरी ठेवायचेत. तुझी भट्टी बघू म्हणतो." सर, त्या दिवशी मी हवेत होतो. मी काय काय बदललं होतं ते तुम्हाला हात धरून दाखवलं. हजार विटांमागचा दर वाढवला होता. पेंढ्याच्या खोपटांऐवजी पत्र्याच्या खोल्या दिल्या होत्या, पोरांसाठी एक बाई ठेवली होती, पाटी-पेन्सिलीसकट. तुम्ही सगळं पाहिलंत, माणसांत बसून भाकरी खाल्लीत. जानीही तिथेच होती, आता स्वतःच्या नवऱ्याबरोबर विटा थापणारी. पंधरा दिवसांनी परत आलात आणि म्हणालात, "अजून नाही रे, वसंता."

कारण विचारलं तर तुम्ही उचलीचा विषय काढलात. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा आम्ही मालक लोक माणसांना आगाऊ पैसे देतो. ती उचल. दिवाळीनंतर ती कामातून फेडायची, आणि फिटेपर्यंत दुसरी भट्टी धरायची नाही. तुम्ही म्हणायचात, हा दावणीचा दोर आहे, तोडून टाक. मी म्हणायचो, सर, श्रावणात त्यांच्या चुली कोण पेटवणार, तुमचं सरळव्याज? तुम्ही आकडे मांडायचात, मी आकडे मांडायचो. दरवर्षी दिवाळीनंतर तुम्ही यायचात, बघायचात, आणि पंधरा दिवसांनी परत तेच, "अजून नाही." बायको म्हणायची, तुमच्या दोघांचा हा सण आहे. खरं सांगतो, सर, मी त्या सणाची वाट बघायचो. तुमच्यासाठी म्हणून मी दर साली काही ना काही सुधारायचो. पाण्याची टाकी बांधली, औषधाची पेटी आणली. तुमच्या फंडाने माझं काय अडत होतं? दोन दिवसांच्या कोळशाचेही पैसे झाले नसते. मला ते पैसे हवे होते, कारण ते तुमचे होते.

म्हणून गेल्या हिवाळ्यात माझा तोल गेला. तुम्ही 'अजून नाही' म्हणालात आणि मी म्हणालो, "अण्णांचा राग तुम्ही अजून माझ्यावर काढताय. ठेवू नका पैसे. तुमच्या भिकेवर माझी भट्टी चालत नाही." भीक म्हणालो मी तुम्हाला. तुम्ही टोपी घातलीत, "बरं आहे," म्हणालात आणि वाटेला लागलात. दिवाळी झाली, तुम्ही आला नाहीत. आजारी आहात हे कळलं होतं. आज जातो, उद्या जातो, पहिली भट्टी पेटवून जातो, असं करत राहिलो. मी घाबरलो होतो, सर. तुम्ही पुन्हा नाही म्हणाल, याला घाबरलो होतो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टीवर मुकादमाजवळ मी हेच बडबडत होतो. मास्तरांनी मरेपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवला नाही, एवढा कसला आकस, वगैरे. जानी मागे माती कालवत होती. ती हात धुऊन पुढे आली.

"मास्तरांवर नका घालू, शेट. त्ये ठेवायला निघालं व्हतं. मीच नको बोलले."

मला कळेचना. ती उभ्या उभ्या सांगत गेली. पहिल्या वर्षापासून तुम्ही तिला विचारत होतात. भट्टीवर नाही, कर्जतच्या बाजारात, जिथे माझा माणूस नसेल अशा जागी. 'जानी, वसंताकडे पैसे ठेवू का?' आणि दरवर्षी ती म्हणायची, अजून नको. तिचं नाव माझ्या कानावर जाऊ नये म्हणून तुम्ही माझ्या सगळ्या शिव्या आपल्या अंगावर घेतल्यात. आकस म्हटलं, भीक म्हटलं, तरी 'मी जानीला विचारलंय' हे तीन शब्द तुमच्या तोंडून आले नाहीत.

"आता मास्तर नाय ऱ्हायलं, म्हून बोलते. कामावरून काढायचं तर काढा."

"काढत नाही," मी म्हणालो. "पण का नको म्हणालीस? उचलीमुळे?"

"उचल नसंल तर आमी खायाचं काय?" ती जवळजवळ माझ्यावर ओरडलीच. "उचल पायजेच. पन तुमी ती देता माज्या दादल्याच्या हातात. त्यो दारूत घालतो, आन फेडते कोन? इटा थापते मी बी, आन वहीत नाव त्याचं एकट्याचं. जोडीचं पैसं म्हनता, जोडीतली मी कुटं हाय त्यात? औंदा मास्तरांना सांगितलं ह्ये. खाटेवर व्हतं, पघायला गेलते. मंग बोललं, जानी, मी आन वसंता इतकी वर्सं भलत्याच गोष्टीवर भांडलो. बरं वाटलं की जातो त्याच्याकं, आन सांगतो, माजं चुकलं."

सर, तुम्ही येणार होतात. मी घाबरून घरात बसलो होतो आणि तुम्ही माझ्याकडे चूक कबूल करायला येणार होतात. मी तिथेच विटांच्या थराला टेकून उभा राहिलो. तुम्ही गेल्यावर रडलो नव्हतो, ते त्या माणसांसमोर रडलो.

थोड्या वेळाने मी जानीला म्हटलं, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस? मी काय अण्णा आहे?"

"तुमी ईचारलं नाय, शेट. मास्तर ईचारायचं."

परवा शनिवारी खर्ची वाटली. वहीत प्रत्येक जोडीची दोन नावं मी स्वतः लिहिली होती, आणि दोघांचे पैसे वेगळे काढले होते. पुरुष माणसं कुरकुरली, मुकादम तर म्हणाला, शेठ, ह्यानं दुसऱ्या भट्ट्यांवर आग लागेल. लागू दे म्हटलं. पहिलं नाव जानीचं घेतलं. तिने पैसे घेतले आणि माझ्यासमोरच मोजले.

मला राहवलं नाही. विचारलं, "आता? मास्तर असते तर काय सांगितलं असतंस?"

ती पदराला गाठ मारत म्हणाली, "एक शनवार झालाय. पघू."

तुम्ही असतात तर मोठ्याने हसला असतात. मी मान खाली घातली आणि पुढच्या बाईचं नाव घेतलं.